फिरतं पाणी

१

आमच्या भागात नळाला आठव्या नाहीतर नवव्या दिवशी पाणी येतं. त्यामुळं आमच्या घरात सोमवार-मंगळवारापेक्षा पाण्याचा दिवस मोठा. पिंपं, हंडे, गच्चीवरची टाकी भरून घ्यायची, चादरी भिजवायच्या, आणि पुढच्या खोलीतल्या माशांच्या टाकीतलं दोन बादल्या जुनं पाणी काढून दोन बादल्या नवं घालायचं. हे नवं पाणी एक दिवस उघडं ठेवावं लागतं, नळाच्या औषधाचा वास उडून जावा म्हणून. एवढं सगळं मला यांनी शिकवलं.

हे म्हणजे माझे यजमान, बद्रीनाथ. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं ग्राइंडिंगच्या मशीनवर उभे राहिले. लोखंडाची बारीक भुकटी छातीत गेली ती गेलीच. निवृत्त झाल्यावर चार वर्षं बरी गेली, मग जिना चढेना, मग अंघोळीला धरून न्यावं लागायला लागलं, आणि गेल्या पावसाळ्यापासून पुढच्या खोलीतली खाट म्हणजेच यांचं घर झालं. खाटेच्या शेजारी चार फुटांची टाकी. तिच्यात सहा एंजल मासे आणि एक काच चाटत फिरणारा काळा. दिवसभर हे त्यांच्याकडं बघत पडून राहायचे.

टाकीच्या आत जुना फिल्टर होता. तो घरघर करायचा. यांची छातीही घरघर करायची. एका दुपारी हे डोळे मिटूनच म्हणाले, "रत्ना, आमच्या दोघांत कोण आधी बंद पडतंय बघ आता."

मी म्हटलं, असलं अभद्र बोलायचं नाही. हे हसले, खोकले, आणि परत हसले.

पण त्या आवाजानं यांना झोप लागत नव्हती हे खरं. म्हणून बाहेर बसणारा फिल्टर आणायचं ठरलं. एक डबा असतो, तो टाकीखालच्या कपाटात ठेवायचा. एका नळीनं तो टाकीतलं पाणी ओढून घेतो, आतल्या स्पंजातून आणि चिनीमातीच्या कड्यांमधून गाळतो आणि दुसऱ्या नळीनं परत टाकीत सोडतो. आवाज जवळजवळ नसतोच. यांनी कॅलेंडरचं जुनं पान घेतलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर मला लिहून दिलं. तासाला हजार लिटर पाणी फिरवणारा. कपाटात मावणारा. दोन्ही नळ्यांना कॉक असलेला. 'कॉक'च्या खाली पेन्सिलीनं दोन रेघा मारल्या.

"बाकीचं थोडं मागंपुढं झालं तर चालेल," हे म्हणाले. "कॉक पाहिजे. मशीन घेताना आधी बंद करायचं बटण बघायचं. जे आपल्या हातानं बंद होत नाही ते घरात आणायचं नाही."

ते पान अजून माझ्या पोथीत आहे. रेघा पुसट झाल्यात, पण दिसतात.

२

सरफराजभाईंचं दुकान शहागंजच्या पुढं, एका गल्लीत. यांची आणि त्यांच्या वडिलांची ओळख. मी आत गेले तर त्यांनी आधी स्टूल पुसून दिलं, साहेबांच्या तब्येतीचं विचारलं, चहा सांगितला. मग दोन खोकी काउंटरवर ठेवली.

त्यांनी पहिलं उघडून दाखवलं. हिरवट रंगाचा डबा, चार खटके, दोन कॉक. महिन्या-दीड महिन्यानं कॉक बंद करायचे, डबा उचलून मोरीत न्यायचा, टाकीतल्याच पाण्यात स्पंज हलके धुवायचे, परत लावायचा. थोडा त्रास आहे, पण माणसाच्या हातात आहे.

दुसरा काळा होता, गुळगुळीत. त्याला खटके नव्हते, कॉकही नव्हते.

"हा सील आहे, भाभी. घरी खोलायचा नाही. वर्षानं माझ्याकडं आणायचा, मी बघतो. लाईट गेली तर अंदर बॅटरी है, तीन-साडेतीन तास आरामात चालतो. इसकी खासियत एकच," त्यांनी त्या काळ्या डब्यावर बोट वाजवलं, "ये रुकता नहीं."

त्याच दिवशी सकाळी डॉक्टरांनी मला बाहेर व्हरांड्यात बोलावून फोटो दाखवला होता. दोन्ही फुप्फुसं धुक्यासारखी. ते म्हणाले होते, काकू, मनाची तयारी ठेवा. मी कसली तयारी ठेवणार? माझे सोळा सोमवार चालू होते, पाचवा झाला होता. वेरूळला घृष्णेश्वरापुढं मी पदर पसरून आले होते. आणि आता समोर दोन डबे होते, एक बंद करता येणारा आणि एक न थांबणारा.

मी काळ्यावर हात ठेवला.

सरफराजभाई कॅलेंडरचं पान परत एकदा वाचून म्हणाले, "साहेबांनी तर कॉकवाला लिहिलाय. त्यांना फोन लावून विचारा ना एकदा. मला विचाराल तर मी पहिलाच देईन. अब्बा म्हणायचे, मच्छी पाळणाऱ्याचा हात कॉकवर पाहिजे."

फोन माझ्या हातातच होता. मी लावला नाही. आज इतक्या महिन्यांनी मागं बघते तेव्हा बाकीच्या सगळ्याला मला काही ना काही कारण सापडतं. या एकाला सापडत नाही.

३

सोमवारी दुपारी सरफराजभाई स्वतः येऊन फिल्टर बसवून गेले. हे खाटेवरून बघत होते. नळ्या लावून झाल्या, जुना घरघरता फिल्टर बाहेर निघाला, तेव्हा यांनी विचारलं, "कॉक कुठंयत?"

मी म्हटलं, हा त्याच्यापेक्षा चांगला आहे, नवीन आहे. सरफराजभाईंनी माझ्याकडं पाहिलं आणि पाने-पकडी पिशवीत भरल्या. हे मग त्या कपाटाकडं बघत राहिले. 

ते गेल्यावर मी हातपाय धुऊन आले. नवी वस्तू घरात आली की तिला हळदकुंकू लावायची आमच्याकडं रीत. मिक्सरला लावलंय, गाडीला लावलंय, आमच्या मुलीच्या, तनुजाच्या लॅपटॉपलासुद्धा लावलंय. तसं त्या काळ्या डब्यावर बोट टेकवलं, उदबत्ती ओवाळली. तिथंच थांबले असते तर बरं झालं असतं. पण माझा उपास होता, मन भरून आलं होतं. मी उजव्या हाताच्या ओंजळीत पाणी घेतलं, अक्षता घेतल्या आणि डोळे मिटून संकल्प सोडला. हे पाणी फिरतंय तोवर यांचा श्वास फिरता राहू दे.

संकल्पाचं पाणी ताम्हणात सोडायचं असतं. ते नंतर तुळशीला जातं, मातीत जातं, तिथं ते मुरतं आणि देवाच्या हवाली होतं. ताम्हण आत देवघरात होतं. हात भरलेला होता. वेरूळच्या घुश्मेलाही तिचा मेलेला मुलगा देवानं तळ्याच्या पाण्यातूनच परत दिला होता, असं काहीतरी मनात आलं, आणि मी ती ओंजळ टाकीत सोडली.

अक्षतांचे दाणे खाली जायच्या आधीच नळीकडं ओढले गेले.

"फिल्टरला नवस बोललीस काय?" हे म्हणाले. डोळ्यांत हसू होतं. "अन् फळ मिळालं की उद्यापनाला काय, त्याला पुरणपोळी?"

"करीन की," मी म्हटलं. "तुम्ही आधी उठून बसा."

"ते ठीक आहे. पण हा बंद कसा करायचा गं?"

"कशाला बंद करायचाय?" असं मी म्हटलं. ते शब्द माझेच.

४

पुढचे दोन आठवडे मी आयुष्यात विसरणार नाही, कारण ते सुखाचे होते. चौथ्या दिवशी छातीची घरघर गेली. आठव्या दिवशी हे उशीला टेकून बसले आणि अर्धी भाकरी खाल्ली. पुण्याहून तनुजाचा फोन आला तर तिच्याशी हे पाच मिनिटं बोलले. डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडलेलं दिसतंय. मी म्हटलं, हो.

खोलीत आता इतकी शांतता होती की भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायचं. आणि त्याच्याखाली एक आवाज. हलका, मऊ. आत ओढल्यासारखा, मग सोडल्यासारखा. मला वाटलं फिल्टरचा असेल. कपाट उघडून डब्याला कान लावला. डबा मुका होता. मग मी टाकीकडं पाहिलं तेव्हा लक्षात आलं की नळीतून पाणी सलग येत नव्हतं. यायचं, थांबायचं. यायचं, थांबायचं.

सरफराजभाईंना फोन केला. ते म्हणाले, मोटर सलगच पाणी फेकते, नळीत हवा अडकली असेल, जरा हलवून बघा. मी नळी हलवली. एक बुडबुडासुद्धा आला नाही.

मी वळले. यांचा डोळा लागला होता. छाती वर जायची, नळीचं पाणी थांबायचं. छाती खाली यायची, पाणी यायचं.

माणसाचं मन असं असतं की दोन घड्याळं एका भिंतीवर असली तरी त्याला त्यांची टिकटिक जुळल्यासारखी वाटते. मी स्वतःला तेच सांगितलं. तरी जपाची माळ घेऊन खाटेशी बसले. एका श्वासाला एक मणी. एकशे आठ मण्यांना सात मिनिटं लागली. संध्याकाळी हे जागे असताना मोजली, सात मिनिटं. दुसऱ्या दिवशी जेवताना मोजली, सात. यांना ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, तेव्हाही मी पाठ चोळता चोळता दुसऱ्या हातानं मणी ओढत होते. ठसका वेगळा चालला होता आणि श्वास वेगळा. सात मिनिटं.

त्याच दुपारी हे म्हणाले, "रत्ना, मला... उसासा टाकता... येत नाही."

मी म्हटलं म्हणजे काय? हे म्हणाले, साधं आहे गं. माणूस दमला की उसासा टाकतो, कंटाळला की जांभई देतो. मला दोन्ही येत नाही. मधे थांबायला जागाच मिळत नाही. सगळं सांगताना यांची वाक्यं चुकीच्या ठिकाणी तुटत होती. जिथं श्वास यायचा तिथं शब्द थांबत होता, मग तो अर्धा का असेना.

मी यांच्या कपाळावर अंगारा लावला आणि म्हटलं, बरं वाटतंय ना पण? हे माझ्याकडं बघत राहिले. पुष्कळ वर्षांच्या संसारात माणूस बायकोवर रागावतो, चिडतो, रुसतो. त्या नजरेत त्यातलं काही नव्हतं. लहान मुलानं काहीतरी मोडून ठेवावं आणि आपण त्याला रागावूही नये, तसं होतं ते.

५

एक मासा तरंगत होता म्हणून मी जाळी घेतली.

तरंगत होता असंही नाही. पाण्याच्या ओढीबरोबर टाकीभर फिरत होता, एकाच उंचीवर, थोडा कलंडून. डोळा पांढरा झाला होता. दाणे टाकले तर बाकीचे पाच धावले, तो त्यांच्यामधून तसाच पुढं गेला. जाळीत घेऊन बाहेर काढला तेव्हा अंग मऊ पडलं होतं, कडेचे पंख झडायला लागले होते. माझ्या एवढ्या वर्षांच्या डोळ्यांना मेलेला मासा कळतो. पण त्याचे कल्ले उघडत होते. मिटत होते. हवेत, माझ्या तळहातावर, घाई न करता.

मी त्याला परत पाण्यात सोडलं. काय करणार होते?

त्याच आठवड्यात गल्लीतली डीपी जळाली. सकाळी दहाला वीज गेली. पंखा थांबला, फ्रिज थांबला, शेजारच्यांचा टीव्ही थांबला. टाकीचा दिवा विझला. मला आठवलं, बॅटरी साडेतीन तासांची. दीडनंतर मी हातातलं काम टाकून टाकीसमोर बसले. दोन वाजले, तीन वाजले. घड्याळ तेवढं चालू होतं, आणि नळीतलं पाणी. यायचं, थांबायचं. हे खाटेवरून पाण्याकडं बघत होते, मी यांच्याकडं.  वीज संध्याकाळी सहाला आली आणि मी देवापुढं साखर ठेवली. मला आनंदच झाला होता, हे कबूल करते. 

तेव्हा दहावा सोमवार व्हायचा होता.

६

मग शरीर मागं पडत गेलं. त्याला दुसरा शब्द मला येत नाही. श्वास चालला होता आणि शरीर त्याच्या मागं मागं राहत होतं. आधी जेवण सुटलं. मग पाणी चमच्यावर आलं. पाय गुडघ्यापर्यंत गार पडले, चोळले तरी ऊब धरेनात. मग पांढऱ्या डोळ्यांचा मासा जसा दाण्यांमधून जायचा, तशी यांची नजर माझ्यावरून पुढं जायला लागली.

डॉक्टर घरी आले. त्यांनी मनगट धरलं, सोडलं, परत धरलं. ब्लड प्रेशरचं मशीन दोनदा बांधून पाहिलं. मग छातीवर नळी ठेवून इतका वेळ ऐकत राहिले की मला वाटलं त्यांना वेगळंच काही सापडलं. त्यांनी कानातून नळी काढली, माझ्याकडं न बघता गुंडाळली आणि म्हणाले, "काकू, मुलीला बोलावून घ्या."

मी विचारलं, श्वास तर चांगला चाललाय ना? त्यांनी बॅग उचलली. दारात चपला घालताना म्हणाले, "श्वास चाललाय." बस, एवढंच. फी घेतली नाही.

तनुजा दुसऱ्या दिवशी दुपारी आली. बापाशेजारी बसली, हात हातात घेतला आणि लगेच मान वर करून माझ्याकडं पाहिलं. गार लागला असणार. तिनं देवघरातला गंगेचा तांब्याचा गडू आणला. माझ्या सासूनं काशीहून आणून डाग देऊन ठेवलेला, वेळ येईल तेव्हा उघडायचा म्हणून. तिनं झाकणाचा डाग फोडला, दोन चमचे पाणी यांच्या तोंडात घातलं. ते ओठांच्या कडेनं परत बाहेर आलं.

"पप्पा," ती म्हणाली, "मी आलेय. काय पाहिजे तुम्हांला?"

किती दिवसांनी यांचे ओठ हलले. शब्द श्वासांच्या मधे मधे, एकेक करून आले, जणू नळीतून.

"कॉक... असता तर... मीच..."

पुढचं आलं नाही. तनुजाला कळलं नाही, तिनं मला विचारलं कसला कॉक. मग त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात मी तिला सगळं सांगितलं. दुकानापासून ओंजळीपर्यंत. कॅलेंडरचं पान दाखवलं. मला वाटलं ती म्हणेल, आई, काय वेडेपणा हा. ती शिकलेली, मोठ्या नोकरीतली मुलगी. तिनं पान वाचलं, घडी घातली, आणि ओट्याला टेकून उभी राहिली. पुढच्या खोलीतून तो मऊ आवाज येत होता.

"आई," ती म्हणाली, "सोड आता त्यांना."

मी म्हटलं, संकल्प अर्ध्यात सोडता येत नाही गं. तीन सोमवार राहिलेत.

"तुझे राहिलेत," ती म्हणाली. "त्यांचे नाही."

७

तनुजानं रात्रीच फोन केला होता, म्हणून सरफराजभाई फिल्टर बंद करायला सकाळी आठलाच आले. त्यांनी आधी प्लग काढला. काही झालं नाही. मग डबा कपाटातून ओढून बाहेर घेतला आणि सील कापलं. झाकण वर उचललं आणि ते उकिडवे बसले होते तसेच राहिले.

आत सगळं पांढरं होतं. उन्हाळ्यात नळाचं पुरलं नाही की आम्ही टँकरचं पाणी भरायचो, जड, खारट. त्याचा दगडासारखा थर बसला होता. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरनं खरवडलं, आतला छोटा पंखा बोटानं फिरवायला गेले. तो हलला नाही.

"भाभी, ही मोटर बसलेली आहे." ते माझ्याकडं बघायचं टाळत होते. "आजकाल की बात नहीं. महिना झाला असेल. जास्तच."

तनुजानं टाकीकडं बोट केलं. डबा जमिनीवर उघडा पडला होता, नळ्या सुटून लोंबत होत्या. टाकीतलं पाणी फिरत होतं. पांढऱ्या डोळ्यांचा मासा कोपऱ्यावरून वळला आणि परत आमच्या समोरून गेला.

सरफराजभाईंनी पुटपुटत काहीतरी म्हटलं. मग पाच जिवंत मासे आणि तो काळा पिशवीत धरले. त्या एकाला त्यांनी जाळी लावली नाही. जाताना म्हणाले, "पानी निकाल दो भाभी. पूरा. जमिनीत जाऊ द्या."

त्यांना संकल्पाचं काही माहीत नव्हतं. पण जे मला पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं ते त्यांनी सांगितलं.

तनुजानं बादली उचलली. अंगणात एक कडुनिंब आहे, त्याच्या आळ्यात आम्ही ओतायला लागलो. शेजारच्या बाई फाटकातून म्हणाल्या, अहो, पाण्याला अजून पाच दिवस आहेत आणि हे काय चाललंय. तनुजा त्यांना हो काकू म्हणाली आणि परत आत गेली. आठ बादल्या झाल्या, नऊ झाल्या. पाणी वीतभर उरलं तेव्हा मासा आडवा झाला. चार बोटं उरलं तेव्हा त्याचे कल्ले एकदा उघडले आणि तसेच राहिले.

आम्ही दोघींनी ते पाहिलं. आता शेवटच्या बादलीनं काय होणार हे आम्हांला कळलं होतं.

मी खाटेशी गेले. यांच्या कपाळावरून हात फिरवला आणि म्हटलं, अहो, माझं चुकलं. पहिल्या दिवसापासून चुकलं. तुम्ही लिहून दिलं होतं. यांची नजर कुठं होती सांगता येत नाही. मी तनुजाला मान हलवून खूण केली. तिनं मगानं खालचं पाणी उपसलं, फडक्यानं काच कोरडी केली, आणि बादली घेऊन बाहेर गेली. आळ्यात पाणी पडल्याचा आवाज मी आतून ऐकला.

यांनी उसासा टाकला.

इतके आठवडे अडकून पडलेला. खांदे सैल झाले, कपाळावरची आठी गेली. तनुजा दारात उभी होती, ती रडत रडत म्हणाली, "झालं, आई." मीही तेच म्हटलं. झालं.

पण मी अगदी जवळ होते. गाल यांच्या तोंडाशी होता. तो उसासा निम्माच बाहेर आला. कुणीतरी मधेच दार लोटून घ्यावं तसा थांबला.

८

आता जे सांगायचंय ते तनुजाला माहीत नाही.

त्या सकाळी सरफराजभाई यायच्या आधी, ती अंघोळीला गेली होती तेव्हा, मी देवघरातला गडू घेतला. गंगेचं उरलेलं पाणी तुळशीला घातलं आणि रिकामा गडू माशांच्या टाकीत बुडवून भरला. का, ते विचारू नका. मी जन्मभर नवस केलेली बाई. सगळंच्या सगळं परत देऊन टाकायची मला सवय नाही. प्रसाद म्हणून चिमूटभर आपण मागं ठेवतोच. तेवढाच विचार होता. खरंच तेवढाच होता.

गडूवर झाकण ठेवलं, झाकणावर तुळशीचं पान, आणि देवांच्या मागं सरकवला.

दिवस झाले. तनुजा पुण्याला गेली. तिनं टाकी सरफराजभाईंना देऊन टाकली, खाट घडी करून माळ्यावर गेली. पुढची खोली आता मोठी वाटते. मी सकाळी पूजा करते, दुपारी जरा पडते. दुपारीच तो आवाज येतो. पातळ तांब्याचं झाकण केसभर उचललं जाऊन परत बसावं, तसा. टिक. मग थांबतो. टिक.

देवघरात घूस आली असेल असं पहिल्यांदा वाटलं. मग तांबं उन्हानं तापून वाजतं असं वाटलं. आमच्या देवघरात ऊन येत नाही.

एकदा मी झाकण काढून बघितलं. पाणी स्वच्छ होतं. गळ्याशी कुंकवाची एक बारीक रेघ होती, पाणी तिच्यापर्यंत चढत होतं आणि खाली जात होतं. तळाशी काहीतरी होतं. सकाळच्या अपुऱ्या उजेडात मला ते नीट दिसलं नाही, आणि नीट दिसायच्या आत मी झाकण लावलं. पण तोंडावर आलेली हवा ऊबदार होती, आणि तिला यांच्या छातीच्या औषधाचा वास होता.

काय करायचं ते मला माहीत आहे. अंगणात कडुनिंब आहे, दहा पावलांवर. प्रत्येक पाण्याच्या दिवशी मी ठरवते की पिंपं भरली की गडू आळ्यात ओतायचा, हात जोडायचे, उद्यापन करायचं. असे पाच पाण्याचे दिवस गेले. पिंपं भरतात, चादरी भिजतात, आणि देवघराच्या दारात माझा पाय अडतो. मला वाटतं, अजून एकदा ऐकावं. एवढं एकदाच. नंतर मी सोडीन. देवाला माझा स्वभाव माहीत आहे, तो मला तेवढं बळ देईल.

काल दुपारी आवाज आला तेव्हा मी माळ घेऊन देवघरात बसले. प्रत्येक 'टिक'ला एक मणी ओढला. एकशे आठ झाले तेव्हा घड्याळ बघितलं.

सात मिनिटं.

उद्या पाण्याचा दिवस आहे.